मेहेरबानीचं फुकट आणि हक्काचं फुकट



गेल्या वर्षी भीमजयंतीच्या आधी आम्ही वस्तीतल्या पाच बायांची चार गाणी शहरातल्या एका स्टुडिओत रेकॉर्ड केली. तासाला ८०० रुपये. वर्गणी काढून सहा तास घेतले. पैशांचं दुःख नव्हतं. माझी मावशी माइकसमोर उभी राहिली तेव्हा काचेमागून आवाज आला, "आजी, उच्चार जरा शुद्ध करा." मावशीने तीनदा शुद्ध करून पाहिले. चौथ्या वेळी ती पुढची ओळच विसरली. चाळीस वर्षं पाठ असलेलं गाणं!

हातात जे आलं त्यात आवाज मावशीचा होता, सूर तिचा नव्हता. कॉम्प्युटरने तो सरळ करून टाकला होता. मी मूळ ट्रॅक मागितले. "ते डिलीट झाले मॅडम, एमपी३ दिलीय ना?" एम.ए.ला समाजशास्त्रात बोर्द्यूचं सांस्कृतिक भांडवल पाठ करून मी परीक्षा पास झाले होते. त्याचा अर्थ त्या काचेच्या अलीकडे उभी असताना कळला.

त्या दिवशी ठरवलं, रेकॉर्डिंग आपल्याच घरी करायचं.

ही हौस नाही. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे आपण दर ३१ जानेवारीला एकमेकांना सांगतो. पण त्यातून घ्यायचं ते घेत नाही. बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या पानावर जागा मागत बसण्यापेक्षा आपलं पान काढलं, पुढे आपला छापखाना उभा केला. आपलं गाणं मात्र कायम दुसऱ्याच्या यंत्रावर राहिलं. ज्यांनी गावोगाव जलसे केले, ज्यांच्या कॅसेट जयंतीच्या मंडपात झिजेपर्यंत वाजल्या, त्यांतल्या किती जणांच्या घरी स्वतःच्या आवाजाची मूळ प्रत आहे? वामनदादा कर्डक आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. हजारो गीतं लिहिलेला हा माणूस २००४ साली गेला. त्यांच्या गीतांच्या वह्या शोधत फिरणारे कार्यकर्ते आहेत. त्यांच्या आवाजाच्या मूळ टेपा कुणाकडे, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तर घरचा स्टुडिओ. नाशिकरोडला आमची पत्र्याची खोली, रेल्वेलाइनपासून हाकेच्या अंतरावर. भिंतींना आईने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्या टांगल्या. घुमणारा आवाज त्या बऱ्यापैकी पितात. दोन माइक लागतील असं छोटं ऑडिओ इंटरफेस घेतलं, कारण ढोलकी आणि गळा एकाच वेळी पण वेगवेगळ्या ट्रॅकवर हवा. माइक डायनॅमिक घेतला. कंडेन्सर माइक जास्त बारकावे टिपतो हे खरं, पण आमच्याकडे तो शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही टिपेल. लॅपटॉप जुना, सेकंडहँड.

खरं डोकं खाल्लं ते सॉफ्टवेअरने.

वस्तीतला एक पोरगा, जयंतीला डीजेसाठी बीट बनवणारा, म्हणाला, "ताई, काळजी कशाला? माझ्याकडे एफएल स्टुडिओचं क्रॅक आहे, पेनड्राइव्हवर देतो." मी नको म्हटलं. तो हसला आणि त्याने जे विचारलं त्यावर मी बरेच दिवस विचार केला. "हजारो वर्षं आपल्याला लुटलं, शाळेची दारं बंद ठेवली. आपण एक सॉफ्टवेअर उचललं तर काय बिघडलं?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ज्ञानाची किंमत कोण ठरवतं आणि ती कुणाला परवडू नये अशीच का ठरते, हा आपल्या चळवळीचाच प्रश्न आहे. पण दर पौर्णिमेला विहारात आपण पंचशील घेतो, त्यात दुसरं शील 'अदिन्नादाना'चं आहे. न दिलेलं घेणार नाही. त्याला मालक श्रीमंत असेल तर चालतं अशी पळवाट जोडलेली नाही. आणि शील बाजूला ठेवलं तरी हिशेब चुकतोच. चोरीच्या साधनावर केलेलं काम उघडपणे आपलं म्हणता येत नाही. उद्या मावशीच्या गाण्यावर कुणी हक्क सांगितला आणि आम्ही भांडायला गेलो, तर पहिला प्रश्न आम्हालाच येईल. शिवाय त्याच पोराच्या लॅपटॉपमध्ये त्या क्रॅकबरोबर व्हायरस आला आणि दोन वर्षांचं काम गेलं. हे त्याने मला फार नंतर सांगितलं.

मग फुकट काय मिळतं ते पाहिलं. इथे मला कळलं की फुकट दोन जातींचं असतं. (जात हा शब्द मुद्दाम वापरतेय.) एक मेहेरबानीचं. केकवॉक हे विंडोजवरचं जुनं, नावाजलेलं सॉफ्टवेअर. २०१७ साली त्याच्या मालक कंपनीने ते बंद केलं. २०१८ साली दुसऱ्या कंपनीने ते घेतलं आणि सगळ्यांना फुकट वाटलं, लोक खूश. २०२३ मध्ये तेही बंद करून त्याजागी नवं आणणार असं जाहीर झालं. देणाऱ्याने दिलं, देणाऱ्याने थांबवलं. वापरणाऱ्याला विचारायचा प्रश्नच आला नाही.

दुसरं फुकट हक्काचं. ऑडॅसिटी आणि आर्डर यांचा मूळ कोड उघडा आहे आणि लायसन्सच असं आहे की तो वापरायचा, बदलायचा, दुसऱ्याला द्यायचा अधिकार कुणीही परत घेऊ शकत नाही. उद्या मूळ लोकांनी काम सोडलं तरी दुसरे ते पुढे नेऊ शकतात. सवलत आणि अधिकार यांतला फरक आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही.

महिन्याला भाडं भरायची सॉफ्टवेअरं मी आधीच बाद केली. आमची वर्गणी जयंतीच्या महिन्यात जमते आणि श्रावणात आटते. भाडं थकलं की आपलंच गाणं आपल्याला उघडता येणार नाही, हे सावकाराच्या वहीसारखं झालं. एफएल स्टुडिओ एकदाच विकत घेता येतं आणि पुढचे अपडेट कायम मिळतात, ही त्याची चांगली बाजू. पण त्याच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत माइकवरून गाणं रेकॉर्ड करायची सोयच नाही. बीट बनवणाऱ्याला ते चालेल, मावशीला नाही.

इतकं तत्त्वज्ञान सांगून मी शेवटी काय घेतलं? रीपर. हे हक्काचं फुकट नाही, विकतचं आहे, कोडही बंद आहे. मित्रांनी मला यावरून टोकलं आणि त्यांचं चुकत नाही. पण मी आर्डर दोन आठवडे वापरून पाहिलं. आमच्या लॅपटॉपवर ते मधेच अडखळत होतं आणि पोरं कंटाळून पळू लागली. रीपर साधारण १५ एमबीचं आहे, जुन्या मशीनवर तुरुतुरु चालतं. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, काहीही झाकून ठेवलेलं नसतं. व्यक्तिगत वापराला, ना-नफा संस्थांना आणि छोट्या व्यवसायांना लायसन्स ६० डॉलरचं, म्हणजे साधारण पाच हजार रुपये. मोठ्यांना २२५ डॉलरचं. ज्याची जेवढी कमाई तेवढी किंमत, हे मला पटलं. बनवणाऱ्यांमधला जस्टिन फ्रँकल म्हणजे विनॅम्पवाला. सायबर कॅफेत तासाचे वीस रुपये भरून विनॅम्पवर भीमगीतं ऐकलेल्या माझ्या पिढीला तो ओळखीचाच.

पण माझं मत फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. रीपरची प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडते. साधा मजकूर असतो: कोणता ट्रॅक, कुठून सुरू, आवाज किती. खुद्द रीपर उद्या नाहीसं झालं तरी फाइल वाचून काम पुन्हा जुळवता येईल. मूळ ट्रॅक तर डब्ल्यूएव्ही म्हणून फोल्डरमध्ये पडलेलेच असतात. एका माइकचा २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झचा ट्रॅक मिनिटाला आठ एमबीच्या आसपास जागा घेतो. पाच मिनिटांचं सहा ट्रॅकचं गाणं झालं २४० एमबी. आमच्या तीन हार्डडिस्क तीन घरांत आहेत, त्यातली एक मावशीच्या धान्याच्या डब्यावर.

उणीवही सांगते. रीपरसोबत तयार तबला, तयार बीट असं काही येत नाही. पोरांचा पहिला आठवडा रुसण्यातच गेला. मला तो तोटा वाटला नाही, कारण त्यामुळे हलगी वाजवणाऱ्याला बोलवावं लागलं, पण त्यांच्या रुसण्यात तथ्य आहे. मेनू सगळा इंग्रजीत. आम्ही भिंतीवर गोधड्यांच्या मधे एक पुठ्ठा लावला आहे, त्यावर मराठीत: हे बटण रेकॉर्ड, हे मागे, हे खोडा. दहावीतली पोरगी आता त्या पुठ्ठ्याकडे न बघता काम करते.

सूर सरळ करायचं साधन रीपरमध्येही आहे. ते सूर ओढून बारा खणांतल्या जवळच्या खणात बसवतं. मावशीचा सूर जात्यावर तयार झालेला. दगड फिरताना तो जिथे खाली घसरतो तिथेच तिचं गाणं आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. तो आवाज तसाच ठेवला म्हणून तो पुरावा झाला. आमच्याकडे ते बटण दाबायचं नाही असं ठरलंय, आणि पुठ्ठ्यावर त्याचं नाव लिहिलेलंच नाही.

पहिलं गाणं रात्री दोन वाजता घेतलं. कुकर नाही, डीजे नाही. दुसऱ्या कडव्यात मालगाडी गेली. मी थांबवणार होते, पण मावशी डोळे मिटून गात होती. नंतर हेडफोन लावून तिने सगळं ऐकलं, मालगाडीसकट, आणि म्हणाली, "हा, ही मी हाये."

आता ऑडॅसिटीवर जुन्या कॅसेट उतरवायचं काम काढलंय. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. चाळीसेक कॅसेट जमल्यात, काहींची टेप चिकटलेली आहे. आणि सध्या आमच्याकडे चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर एकच आहे, त्याचाही रबरी पट्टा सैल झालाय. कुणाच्या माळ्यावर एखादा पडून असेल तर कळवा.