पाटाचं माहेर

मित्रांनो, तुमच्या गावात पाणी कुठून येतं, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? लहानपणी मला हा प्रश्न विचारला असता तर मी बेधडक सांगितलं असतं, "पाटातून!" आणि पाटात कुठून येतं, असं पुढे विचारलं असतं तर मी त्या माणसाकडे वेड्यासारखं पाहिलं असतं. पाटात पाणी असतंच की! आंब्याला आंबे असतात तसं.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यातलं. गावाबाहेरून प्रवरेचा डावा कालवा जातो. त्याला आम्ही पाटच म्हणतो. आवर्तन सुटणार अशी बातमी आली की आम्ही पोरं दोन दिवस आधीपासून पाटाच्या पुलावर जाऊन बसायचो. कोरडा ठाक पाट. मग दूरवर सळसळ ऐकू यायची. पाणी एकदम येत नाही बरं का. आधी येतो फेस, वाळका पाला, काटक्या, कुणाची तरी एकटी चप्पल. हे सगळं पुढे ढकलत पाणी माणसाच्या चालीनं येतं. आम्ही त्याच्यासोबत काठाकाठानं ओरडत पळायचो. चारीच्या तोंडाशी पाटकरी उभाच असायचा, आणि त्याच्याभोवती मोठ्या माणसांची भांडणं. कुणाची पाळी आधी, कुणाची नंतर. आमची पाळी बहुतेक रात्रीच यायची. आजोबा कंदील आणि फावडं घेऊन उसाला दारं धरायला जायचे, आणि पहाटे गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून परत यायचे.

आजोबांनी पन्नास वर्षं ते पाणी उसाला दिलं, पण ते येतं कुठून हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी आठवीत होतो तेव्हा, १९९१ च्या मे महिन्यात, एका रात्री जेवताना ते अचानक म्हणाले, "मरायच्या आधी एकदा भंडारदरा बघायचाय." आजी म्हणाली, "असं अभद्र बोलू नका. पण मलाही न्या. पाटाचं माहेर आहे ते. माहेरी जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं?" आणि तिनं खण, नारळ, हळदकुंकू, मूठभर तांदूळ असं सगळं पिशवीत भरायला घेतलं. आमच्याकडे नवीन पाणी आलं की बायका पाटाची ओटी भरतात. आता तर साक्षात धरणाची भरायची होती!

आजोबा, आजी, अण्णा आणि मी असे चौघे निघालो. श्रीरामपूर ते संगमनेर एक एस.टी., पुढे अकोल्याला दुसरी, राजूरला तिसरी. (हे अकोले आपल्या नगर जिल्ह्यातलं. विदर्भातलं अकोला वेगळं. परीक्षेत घोटाळा करू नका.) जसजसं पश्चिमेला जावं तसतसे डोंगर जवळ येत होते. आमच्याकडे डोंगर म्हणजे उसाचा ट्रॅक्टर चढेल एवढा उंचवटा. इथे कळसूबाई उभी होती, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. मान मागे टाकून टाकून माझी टोपी पडली.

शेंडी गावात उतरलो आणि समोर धरणाची भिंत. आजोबा कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग पुढे जाऊन त्यांनी भिंतीच्या दगडाला हात लावला, बैलाच्या पाठीला लावतात तसा.

ही भिंत दगडी बांधणीची आहे, ८२ मीटर उंच. काम सुरू झालं १९१० मध्ये आणि पुरं झालं १९२६ मध्ये. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला दिलं, 'विल्सन डॅम'. मागच्या तलावाला इंजिनिअर आर्थर हिल यांचं. म्हणजे डोंगर आपला, नदी आपली, दगड फोडणारे हात आपले, आणि नावं दोन इंग्रजांची! अण्णांनी फलक वाचून दाखवला तेव्हा आजी म्हणाली, "असूंदे. पाण्याला कुठं ठाऊक आहे?"

आजोबांना आणखी एक गोष्ट आठवली. १९६९ साली या भिंतीला भेगा पडून पाणी झिरपू लागलं होतं. नदीकाठच्या गावांनी तेव्हा रात्री जागून काढल्या. पुढे भिंतीला मागून भक्कम आधार बांधले आणि धरण मजबूत केलं. आजोबांनी ते आधार बोट दाखवून दाखवून मोजले.

या तलावात ११ टीएमसी पाणी मावतं. टीएमसी हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकता. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८०० कोटी लिटर. त्याच्या अकरापट पाणी! रतनगडावरून निघालेली प्रवरा या भिंतीशी थांबते. भिंतीतून सोडलं की रंधा धबधब्यावरून उडी घेत अकोल्याकडे जाते, आणि संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापाशी तिचे दोन कालवे निघतात, डावा आणि उजवा. कुठे पंप नाही, इंजिन नाही. नुसत्या उतारानं पाणी आमच्या उसापर्यंत चालत येतं. घाटघरला, म्हणजे तलावाच्या वरच्या टोकाला, वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे पाचशे पडला तरी लोक पेढे वाटतील! एकाच जिल्ह्यात हे एवढं अंतर. धरण नसतं तर आमच्या गावात ऊस नव्हता, लोणी-प्रवरानगरला १९५० साली निघालेला सहकारी साखर कारखाना नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्या शाळेची फीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडीतून रतनवाडीला गेलो. मे महिना असल्यामुळे तलाव पार खाली गेला होता. होडी चिखलापर्यंतच आली. पुढे भेगाळलेल्या मातीतून चालत जायचं. अमृतेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ पाहिलं. दगडात इतकं बारीक कोरलंय की अण्णा म्हणाले, "लाकडातसुद्धा जमणार नाही." जवळच पुष्करणी आहे, चारी बाजूंना कोनाडे आणि कोनाड्यांत मूर्ती. मी त्यातल्या पायऱ्यांवर बसून करवंदं खात होतो. आजी पाण्याकडे परत निघाली ओटी भरायला, तेवढ्यात वरच्या वाटेनं एक म्हातारी आली. डोक्यावर दोन हंडे, एकावर एक.

आजीनं हात लावून हंडे उतरवले. "इतक्या लांबून? समोर एवढं पाणी असताना?"

म्हातारी हसली. "ते कुठं प्यायचं? गाळ हाय नुसता. प्यायचं पानी वर झऱ्याला. उन्हाळ्यात तोबी बोटाएवढा व्हतो. पहाटे नंबर लावावा लागतो." मग तिनं विचारलं, "कुठलं म्हनायचं तुमी?"

"श्रीरामपूरकडचे."

"म्हंजे खालचं. पाटावरचं?"

"हो, पाटावरचेच."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "मंग, पानी पोचतं का तुमाला नीट?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, मित्रांनो. लेक सासरी दिलेल्या घरची माणसं भेटली की आपण विचारतो ना, 'बरी आहे ना आमची पोर?' तसंच तिनं विचारलं. आजी काही बोलेना. आजोबाच कसेबसे म्हणाले, "पोचतं. पोचतं की."

"मंग बरं हाय," म्हातारी म्हणाली, आणि तलावाकडे हात केला. "त्या तिथं माझ्या सासऱ्याची खाचरं व्हती. काळभात पिकायचा. सासू सांगायची, भात शिजला की शेजारच्या घरापत्तोर वास जायचा. म्या काय बघितली न्हाईत. माझं लगीन झालं तवा वर पानीच व्हतं."

मी तिच्या हाताच्या दिशेनं पाहिलं. निळं पाणी, त्यात रतनगडाची सावली. तिथे कधी शेत होतं असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

आजी उठली. पिशवीतून नारळ काढला आणि आजोबांच्या हातात दिला. "हा तुम्ही सोडा पाण्यात." आणि खण आणि तांदूळ घेऊन ती त्या म्हातारीसमोर बसली. "पदर पुढं करा, बाई." म्हातारी "अवं, मला कशाला, मला कशाला" म्हणत राहिली. आजीनं ओटी भरली, कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. दोघी सारख्याच वयाच्या असतील. आमच्या आजीनं असं कुणाच्या पाया पडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

परत येताना होडीत सगळे गप्प. आजोबांनी नारळ सोडला तो बराच वेळ आमच्या मागे मागे तरंगत आला.

आजोबा त्यानंतर सहा वर्षांनी गेले, आजी त्याच्या पुढल्या वर्षी. शेत आता मी बघतो. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवर निळवंड्याचं धरण उभं राहिलंय, आणि घाटघरला पाणी वर-खाली खेळवून वीज करणारा प्रकल्प आहे. आमच्या जिल्ह्याचं नावही आता अहिल्यानगर झालंय. पाटावरची भांडणं मात्र तशीच आहेत. नाही, वाढली आहेत. कारण प्रवरा पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, आणि तिथून पुढे पैठणचं जायकवाडी. मराठवाड्यात दुष्काळ पडला की आमच्या वरच्या धरणांतून तिकडे पाणी सोडतात. २०२३ च्या नोव्हेंबरात सोडलं तेव्हा आमच्या पारावर मीही तावातावानं बोललो. "आमचं पाणी! आमचं पाणी!" बोलता बोलता त्या म्हातारीचा चेहरा आठवला आणि माझं वाक्य अर्धंच राहिलं. पारावरच्या लोकांना वाटलं मला ठसका लागला. खरं सांगू का, राग अजूनही येतो. उभा ऊस वाळताना पाहिला की कुणालाही येईल. पण तेव्हापासून 'आमचं पाणी' हे शब्द काही तोंडातून सरळ निघत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात माझी चौदा वर्षांची भाची इंग्लंडहून आली. तिचे आईवडील मँचेस्टरला असतात. तिला घेऊन मी पुन्हा भंडारदऱ्याला गेलो. आता तलावाला वळसा घालून मोटार जाते, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडीला. रस्त्यावर धुकं एवढं की पुढचा ट्रक दिव्यावरूनच ओळखायचा. प्रत्येक कड्यावरून पाण्याच्या दोऱ्या सुटलेल्या. भाची खिडकीला नाक लावून म्हणाली, "मामा, हे अगदी आमच्या लेक डिस्ट्रिक्टसारखं आहे!" मी म्हटलं, "बाई, ते आमच्या भंडारदऱ्यासारखं असेल." मग तिनं मला तिकडची गोष्ट सांगितली. त्यांच्या शाळेची सहल हॉजवॉटर नावाच्या तलावावर गेली होती. डोंगर, शांत पाणी, मेंढ्या, भिंतीशेजारी उभं राहून फोटो. मँचेस्टर शहराला पाणी हवं म्हणून १९२९ साली तिथे धरणाचं काम सुरू झालं, आणि मार्डेल नावाचं गाव पाण्याखाली गेलं. गावातलं चर्च उतरवलं. स्मशानातली माणसंसुद्धा उकरून शॅप नावाच्या गावी नेऊन पुन्हा पुरली. फार दुष्काळ पडला की पाणी उतरतं आणि मार्डेलच्या दगडी कुंपणभिंती आणि छोटा पूल उघडा पडतो. मग लोक गाड्या काढून ते बघायला जातात.

"आणि आमच्या शहराच्या नळाला तेच पाणी येतं," ती म्हणाली. "सरांनी सांगेपर्यंत मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं नळाला पाणी असतंच."

मला पाटाच्या पुलावर बसलेला मीच आठवलो.

मग मी तिला आजीची आणि त्या म्हातारीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आपण त्या आजींचं घर शोधू या." रतनवाडीत एका घरी पाटी होती, 'जेवणाची सोय'. पावसानं गारठून आम्ही आत गेलो. चुलीजवळ जागा मिळाली. तांदळाची भाकरी, पिठलं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ती पुरं करून उठली. वाढणाऱ्या मुलाला मी म्हातारीबद्दल विचारलं. नाव ठाऊक नव्हतं. एवढंच सांगितलं, की तिच्या सासऱ्याची खाचरं तळ्यात गेली होती.

तो हसला. "काका, असं सांगून कसं सापडायचं? हितल्या समद्या आज्या हेच सांगायच्या."

"तुझीसुद्धा?"

"तर!"

भाचीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "कुठे होती तुमची खाचरं?"

तो दारापर्यंत गेला, पावसात हात बाहेर काढला आणि म्हणाला, "त्या तिथं." भाची त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. धुक्यात पाणी कुठे संपतंय आणि डोंगर कुठे सुरू होतोय तेही कळत नव्हतं. तरी ती कितीतरी वेळ तिकडे बघत होती. मग तो मुलगा वळून मला म्हणाला, "तुम्ही खालचं ना? यंदा आवर्तन टायमात आलं का?"