पणजोबांचं रिव्हॉल्वर

वडिलोपार्जित इस्टेट म्हणून आमच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या. मधुमेह, ठाण्याच्या नौपाड्यातलं गळकं घर आणि पणजोबांचं रिव्हॉल्वर. पहिली वाटून घ्यावी लागली नाही. घर बिल्डरकडे गेलं तेव्हा माळा रिकामा करताना एका पत्र्याच्या ट्रंकेत तिसरी सापडली, आणि चारही हिस्सेदारांचे डोळे चमकले.

"तू बी.कॉम. ना? किंमत काढ," दादा म्हणाला.

बी.कॉम. झालेल्या माणसाला कशाचीही किंमत काढता येते, असा आमच्या घराण्याचा समज आहे. प्रत्यक्षात आम्हाला फक्त घसारा काढता येतो.

या रिव्हॉल्वरची कथा मात्र आम्ही बारशापासून ऐकत आलो. पणजोबा जी.आय.पी. रेल्वेत गार्ड. १९११ साली पंचम जॉर्ज मुंबईत उतरला, त्या धामधुमीत कल्याण स्टेशनात एका गोऱ्या साहेबाची पेटी पणजोबांनी चोरापासून वाचवली आणि साहेबानं खूश होऊन हे बक्षीस दिलं. हल्ली ही कथा फक्त कल्याणची आत्या सांगते. तिचं वय अठ्ठ्याऐंशी. दर दिवाळीला चोरांची संख्या एकानं वाढते.

मी रॉकेलचा बोळा आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. तासाभरात गंजाखालून अक्षरं उगवली. वेब्ली, मार्क सहा. मग वाचत सुटलो. कंपनी बर्मिंगहॅमची. सहा गोळ्यांचं, मधोमध मोडून उघडणारं, मुठीच्या बुडाशी दोरी अडकवायची कडी. नळी ०.४५५ इंची. संग्राहक म्हणे आधी सगळ्या भागांवरचे नंबर जुळतात का बघतात. अमेरिकेत पुष्कळांनी तिथली काडतुसं बसावीत म्हणून चक्र मागून तासून घेतलं, त्यांचा भाव पडला. आमचं चक्र शाबूत होतं! पुढच्याच ओळीत होतं की मूळची झिलई हीच खरी किंमत, ती घासू नये.

मी पॉलिश पेपर हळूच खिशात घातला. दादाला हे अजून माहीत नाही.

दुसरा धक्का बसला तो हिशेबाचा. मार्क सहा ब्रिटिश सैन्यानं घेतलं १९१५ साली, आणि आमच्यावर तर चक्क १९१७ कोरलेलं! चेकबुक छापायच्या सहा वर्षं आधीचा चेक काउंटरवर आला तर मी तो वटवीन का?

भावाचंही तेच. विकायचं तर परवाना हवा, घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही. आजोबांचा परवाना आजोबांबरोबरच गेला. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू, म्हणजे परदेशी धाडायची सोय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पंचेचाळिसावं कलम आहे, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांना सूट देणारं. पण आमचं चालतं की नाही हे चालवून कोण बघणार? त्या रात्री मला झोप लागली नाही. बायकोला बेडीची स्वप्नं पडली, माझ्या हातातल्या.

जमा करायचं ठरलं. दादा म्हणाला, "तुझ्या डोंबिवलीला ने, तिकडे जमा कर." म्हणजे ठाण्याहून संध्याकाळच्या लोकलनं! त्या गर्दीत घाम पुसायला हात वर येत नाही. शेवटी मी रिकाम्या हातांनी चौकीत जाऊन सगळं सांगून टाकलं, तेव्हा दोन हवालदार घरी आले.

पण त्याआधी कल्याणला गेलो. खरं सांगितलंच पाहिजे असं वाटत होतं. बँकेत वीस वर्षं काढल्यावर ही खोड जडते.

"आत्या, हे १९१७ चं आहे गं. १९११ ला कसं देईल साहेब?"

तिनं भाजी निवडायची थांबवली. क्षणभर चेहरा असा झाला, की तोंडातून शब्द परत घेता आला असता तर घेतला असता.

"तो राजा पुन्हा नाही आला?"

"नाही. त्याचा मुलगा आला. युवराज. १९२१ च्या नोव्हेंबरात."

"मग तेव्हा."

मी हिशेब केला. युवराज उतरला त्या दिवशी मुंबईत हरताळ होता, पुढे दंगली झाल्या. साहेबाची पेटी पळवायला १९११ पेक्षा हे साल केव्हाही सोयीचं. खातं जुळलं.

"हो," म्हटलं, "तेव्हाच."

पोलिसांच्या पावतीवर लिहिलं होतं, 'जुने गंजलेले रिव्हॉल्वर, नग एक'. तिची झेरॉक्स आत्याला नेऊन दिली. तिनं चष्मा लावून दोनदा वाचली.

"अरे, साहेबाचं लिहायचं राहिलं की!"