स्किझोफ्रेनिया : गाजणारी लक्षणे, गप्प लक्षणे

स्किझोफ्रेनिया हा विचार, भावना आणि वर्तन यांची सांगड विस्कटणारा मेंदूचा आजार आहे. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन अकाली येणारा बुद्धिभ्रंश असे केले. प्रत्येक रुग्णाची बुद्धी लयाला जात नाही, हे पाहिलेल्या स्विस तज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये आजचे नाव दिले. मराठीत छिन्नमनस्कता हा शब्द त्यावरूनच आला. एका देहात दोन व्यक्ती नांदणे हा मात्र वेगळाच विकार. या दोहोंची गल्लत चित्रपटांनी रूढ केली.

लक्षणांचे तीन गट पडतात. पहिला धन लक्षणांचा, म्हणजे एरवी नसते ते दिसू-ऐकू येण्याचा. सर्वाधिक आढळतो तो आवाजांचा भास. खोलीत कोणी नसताना दोन माणसे रुग्णाबद्दल बोलतात, त्याच्या हालचालींचे धावते वर्णन करतात : ‘आता उठला, आता चहा ओततोय.’ रुग्ण त्या आवाजांना उत्तर देतो आणि घरच्यांना तो स्वतःशी पुटपुटताना दिसतो. दुसरे ठळक लक्षण भ्रमाचे. बातम्या देणारी निवेदिका आपल्यालाच खुणावते, शेजारी जेवणात काही कालवतात, आपले विचार बाहेर ऐकू जातात, अशी खात्री पटते आणि कोणताही पुरावा ती हलवू शकत नाही. समाजात रुजलेली श्रद्धा यात मोडत नाही. अंगात येण्यावर अख्ख्या गावाचा विश्वास असेल, तर एकट्याचा तो विश्वास भ्रम ठरत नाही. विचारांची साखळी तुटल्याने बोलणेही रुळावरून घसरते.

दुसरा गट ऋण लक्षणांचा, असलेले ओसरण्याचा. चेहरा निर्विकार होतो, बोलणे एका शब्दावर येते, मित्र सुटतात. आंघोळीचे पाणी काढून ठेवलेले असते, टॉवेल खांद्यावर असतो, तरी तरुण पलंगाच्या कडेवर तासभर बसून राहतो. घरात त्याला ‘आळशी’ म्हटले जाते. प्रत्यक्षात कृतीला सुरुवात करून देणारी प्रेरणाच आजाराने हिरावलेली असते. तिसरा गट आकलनाचा : लक्ष टिकत नाही, वाण्याकडून तीन जिन्नस आणायला गेलेला माणूस एकच घेऊन परततो.

आजार बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास उमटतो. स्त्रियांमध्ये काहीसा उशिरा. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसतो, पण अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच राहते. गर्भावस्थेतील गुंतागुंत, पौगंडावस्थेतील गांजाचे सेवन, तीव्र ताण हे घटक धोका वाढवतात. आईवडिलांच्या संगोपनाला दोष देणारे जुने सिद्धान्त आता मोडीत निघाले आहेत.

वाटचाल तीन टप्प्यांत दिसते. पूर्वावस्थेत महिनोन्‌महिने गुण घसरतात, झोप उडते, दार बंद राहते. मग तीव्र अवस्थेत भास-भ्रम उसळतात आणि घर हादरते. ते शमल्यावर उरते ती अवशिष्ट अवस्था, जिच्यात ऋण लक्षणांचे पारडे जड असते. रक्ततपासणी किंवा स्कॅन यांनी या आजाराचे निदान होत नाही. त्या चाचण्या व्यसन, अपस्मार, थायरॉइडचे विकार अशी अन्य कारणे वगळण्यासाठी असतात. अमेरिकन निकषांनुसार आजाराची चिन्हे किमान सहा महिने असावी लागतात. भगत-देवऋषी करत उपचारांविना गेलेला काळ जितका लांबतो, तितकी सुधारणा कठीण होते.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि औषधोपचारांचे युग उजाडले. क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे मेंदूतील डोपामिनचा प्रभाव रोखतात. भास-भ्रम त्यांना दाद देतात, ऋण लक्षणे फारशी देत नाहीत. दोन औषधे अपुरी पडल्यास क्लोझापिन वापरतात. त्यासाठी पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी आवश्यक असते. बरे वाटल्यावर गोळ्या बंद करणे हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण. घरातली सततची टीका हे दुसरे.

सर्वांची वाटचाल उतरणीची नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीनपैकी किमान एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. इतरांमध्ये चढउतार येत राहतात. आत्महत्येचा, मधुमेह-हृदयविकाराचा धोका वाढलेला असल्याने त्यांवरही नजर ठेवावी लागते. पुण्यातील स्वमदत गटांनी रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि काळजीवाहकासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रुळवले. सुधारणेचे मोजमापही तिथे रोजच्या दिनक्रमावर केले जाते : आवाज पुरते थांबले नसले तरी शुभार्थी वेळेवर उठतो का, स्वतःच्या हाताने पाणी घेऊन आंघोळ करतो का, कामावर जातो का.