मैदानावरची तालीम

तालीम हा शब्द कानी पडला की आम्हा ग्वाल्हेरकरांना आधी गाणे आठवते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी येथील गायकी महाराष्ट्रात नेली. अमुक गायक कोणाचा शिष्य, हे विचारल्याखेरीज त्याची ओळख पुरी झाली असे आपण मानत नाही. याच शहराला हॉकीचाही मोठा वारसा आहे. परंतु खेळाडूचा गुरू कोण, असे सहसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः ध्यानचंदांची कथाही गुरूपासूनच सुरू होते. 1922 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ते सैन्यात दाखल झाले आणि पलटणीतील सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्यांना हॉकीचे पहिले धडे दिले. त्यांचे धाकटे बंधू रूपसिंह शिंदे सरकारच्या सेनेत आले व ग्वाल्हेरकरच झाले. 1932 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर 24 गोल चढविले. त्यांतील 10 एकट्या रूपसिंहांचे. 1977 साली ते येथेच निवर्तले, तेव्हा मी शाळेत होतो. असा थोर खेळाडू आपल्या गावात आहे, त्याच्यापाशी जाऊन चार गोष्टी शिकाव्यात, असे आम्हा मुलांना कोणी सांगितल्याचे स्मरत नाही. पुढे त्यांचे नाव स्टेडियमला मिळाले. पण ते गाजले क्रिकेटसाठी, 2010 मधील सचिन तेंडुलकरच्या द्विशतकासाठी.

नोकरीनिमित्त काही वर्षे मी तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात होतो. इटारसीला रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध खेळाडू संध्याकाळी मुले गोळा करीत. मैदान खडबडीत, स्टिका दोरीने बांधलेल्या. नव्या मुलाला ते कित्येक दिवस चेंडू मारूच देत नसत. आलेला चेंडू अडवायचा आणि मान वर करून पाहायचे, एवढेच. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "साहब, मारना तो सबको आता है. मैं रोकना सिखाता हूँ." गाण्यात षड्ज लावून घेणे म्हणतात ते हेच, असे मला वाटले.

त्यांना अल्प मानधन मिळावे असा प्रस्ताव मी वर पाठविला. 'प्रशिक्षण पदविका नाही' असा शेरा घेऊन तो परत आला. नियम चुकीचा नव्हता. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. वेग वाढला, ड्रॅग-फ्लिकसारखी तंत्रे आली. आजच्या मुलांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेला प्रशिक्षक हवाच. पण कोणत्या मुलात खेळ आहे हे ओळखणारी नजर कोणत्या पदविकेने मिळते?

त्याच इटारसीजवळच्या खेड्यातील विवेक सागर प्रसाद अकोल्याच्या एका स्पर्धेत खेळत होता. तेथे अशोककुमारांची नजर त्याच्यावर पडली. हे ध्यानचंदांचे चिरंजीव. 1975 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल त्यांचाच. 2013 साली विवेक भोपाळच्या अकादमीत आला, 2018 मध्ये अठरावे वर्ष पुरे होण्याआधीच भारतीय संघातून खेळला आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकच्या कांस्यपदक विजेत्या संघांत होता. पदवी, मैदान, आहार हे सारे नंतर आले. आधी आली जाणत्याची नजर.

2006 पासून आमच्या शहरात मुलींसाठी राज्य शासनाची हॉकी अकादमी आहे. सोयी उत्तम आहेत. परंतु अकादमीच्या दारापर्यंत मुलांना पोहोचविणारे गल्लीतील जुने खेळाडू आता सत्तरी-ऐंशीकडे झुकले आहेत. त्यांना प्रशिक्षक नेमणे शक्य नसेल, तर निवड चाचणीच्या दिवशी कडेला एक खुर्ची देऊन त्यांचे मत विचारावे. यास फारसा खर्च नाही. मात्र विलंब केल्यास ते मत देण्यास कोणी उरणार नाही.

आपल्या मंडळांतून गुणवंत मुलांचे सत्कार होतात. पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूचा सत्कार करताना, ज्याने त्याला प्रथम स्टिक धरायला शिकविले, त्याचेही नाव निमंत्रणपत्रिकेवर छापावे. गवयाच्या बाबतीत ते आपण आजवर करीत आलो आहोतच.