किल्ल्याखालचा लाव्हा

दिवाळीचा किल्ला तुम्हाला नवीन नसेल. दगड-विटा रचायच्या, वर पोतं अंथरायचं, चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि मावळे उभे करायचे. आम्ही राहतो लखनौला. इथे शेजारची मुलं दिवाळीत मातीचा घरौंदा करतात, आमच्या गच्चीवर मात्र किल्ला असतो. मावळे आजी पुण्याहून पाठवते.

माझा सात वर्षांचा भाचा लखनौचाच. शाळेत हिंदी, खेळताना हिंदी, मराठी फक्त घरात. गेल्या दिवाळीत त्यानं विचारलं, "मावशी, इतना पत्थर आया कहाँ से?" प्रश्न रास्त होता. गोमतीकाठची जमीन सपाट, सगळी नद्यांनी आणलेल्या गाळाची. त्यानं डोंगर कधी पाहिलाच नव्हता. महाराजांच्या गोष्टी तोंडपाठ, पण त्या गोष्टींमधले कडे त्याच्यासाठी चित्रातले.

मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसून लोकांसाठी मजकूर लिहिते. हे उत्तर मात्र करूनच दाखवायला हवं होतं.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे गोठलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पसरत गेला. शाळेच्या प्रदर्शनातल्या शंकूसारखा एकच ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. एक थर गोठला की त्यावर दुसरा, असं चालत राहिलं. म्हणून रायगड, राजगडाकडचे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

आम्ही किल्ल्याशेजारी ठेवायला या लाव्हाचा एक छोटा तुकडा केला. तुम्हीही करू शकाल. पाया म्हणून जुनी सीडी घ्या. कॉर्कचे तुकडे कात्रीनं न कापता हातानं तोडा, तुटलेली कडा दगडासारखी खडबडीत दिसते. मध्ये वेड्यावाकड्या भेगा ठेवून ते फेव्हिकॉलनं चिकटवा. भेगांच्या तळाशी फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर दाबून बसवा, त्याच्या सुरकुत्या म्हणजे लाव्हाची साय. रात्रभर वाळू द्या.

आता रंग. एरवी बाहुल्या किंवा मूर्ती रंगवताना उंचवटे उजळ आणि खाचा गडद ठेवतात. लाव्हाचं नेमकं उलटं. जितकं खोल तितकं तप्त, जितकं तप्त तितकं उजळ. वरचा भाग हवेनं निवतो, म्हणून काळा.

आधी भेगांत पांढरा ॲक्रिलिक रंग भरा. पिवळा आणि नारिंगी पातळ असतात, खाली पांढरा असला तरच ते झळाळतात. त्यावर पिवळा. तो मधोमध राखून दोन्ही बाजूंना नारिंगी, आणि दगडाला टेकतो तिथे लाल. प्रत्येक रंग आधीचा ओला असतानाच कडेला मिसळा, म्हणजे रेघ दिसणार नाही. शेवटी काळा. ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि फक्त कॉर्कच्या माथ्यावरून फिरवा. भेगेकडे तोंड असलेल्या दगडाच्या बाजूवर अगदी पातळ नारिंगी हात द्या. खालून उजेड येतोय असं वाटतं ते या एका हातानं. चकाकीचं वार्निश फक्त भेगेत लावा, दगड कोरडाच बरा.

भाच्यानं पांढरा आणि पिवळा रंग भरला, मी काळा. काम करताना माझ्या तोंडून शब्द येत गेले: भेग, थर, कातळ, कडा. सपाट गावात हे शब्द कुणाला रोज लागतात? घरातल्या मराठीत "जेवलास का", "अभ्यास झाला का" एवढंच फिरत राहतं. बाकीची भाषा हळूहळू गळून जाते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. परगावी मुलं वाढवणाऱ्या प्रत्येक घराला ही भीती ओळखीची असेल.

भाऊबीजेला खालची मुलं किल्ला बघायला आली. भाचा त्यांना हिंदीत समजावत होता, "पहले ये आग था, फिर ठंडा होके कातळ बना." कातळला हिंदी शब्द शोधायची त्याला गरज वाटली नाही.

तुमचं गाव कुठलंही असो, पुढच्या दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी एक भेग रंगवा. रंग मुलांच्या हाती द्या, आणि बोलत राहा.