नांगराची साखळी

जावयाला काही सुचवायचे म्हटले की आपल्याकडे सासूची जीभ जरा अडखळतेच. माझीही अडखळली आणि त्याची किंमत आम्हाला एका रात्री मोजावी लागली.

सप्टेंबर २०१९ मधली ही गोष्ट. लेक-जावई इंग्लंडहून आणि आम्ही दोघे पुण्याहून ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर पोहोचलो. तिथून आठवडाभर शिडाच्या बोटीने आयोनियन समुद्रातली बेटे पाहायची होती. दहा बोटींचा ताफा होता. सर्वांत पुढे कंपनीची बोट. तिचा कप्तान रोज सकाळी हवामान आणि मुक्कामाची जागा सांगे. मग ज्याने त्याने आपापली बोट हाकायची. जावयांकडे नौकानयनाचे प्रमाणपत्र होते, त्यामुळे सुकाणू त्यांच्याच हाती.

सकाळी समुद्र तळ्यासारखा संथ असे. दुपारी वायव्येचा वारा सुटला की शिडे फुगत, बोट एका अंगावर कलत असे आणि मी ह्यांचा हात घट्ट धरून बसे. संध्याकाळी एखाद्या खाडीत मुक्काम. आधी नांगर टाकायचा, मग बोट मागे मागे नेत किनाऱ्यावरच्या खडकाला किंवा झाडाला दोर बांधायचा. आधी आलेल्या बोटींवरची माणसे न बोलावताच दोर झेलायला धावत.

तिसऱ्या दिवशी मेगानिसी बेटाच्या एका खाडीत थांबलो. साखळीवर दर ५ मीटरवर रंगाची खूण होती. त्या मोजायचे काम माझे. पाच खुणा गेल्या आणि जावयांनी साखळी थांबवली.

शेजारच्या बोटीवर एक वयस्कर डच जोडपे होते. ते गृहस्थ म्हणाले, "पाणी १० मीटर खोल आहे. साखळी ४० मीटर तरी सोडा."

जावई हसून म्हणाले, "इथे रात्री वारा नसतो." पण त्यांचा चेहरा उतरला होता. आदल्याच दिवशी त्यांनी मला समजावले होते, की साखळी भरपूर सोडली तर ती तळाशी आडवी पडते, ओढ आडवी बसते आणि नांगर रुतून राहतो. आखूड साखळी मात्र नांगराला वर उचलते. मला सारे आठवत होते, पण चारचौघांत जावयांना कसे बोलायचे? मी गप्प राहिले.

रात्री दोनच्या सुमारास विजा कडाडल्या. आडवा वारा सुटला. बोटीला हिसका बसला आणि ती खडकांकडे सरकू लागली. लेक किंचाळली, "नांगर सुटला!" जावयांनी धावत जाऊन इंजिन सुरू केले. तोवर डच आजोबा भर पावसात उभे होते. त्यांनी फेकलेला दोर ह्यांनी झेलला. आजीबाई विजेरी धरून होत्या. पलीकडच्या बोटीवरची दोन मुले छोट्या होडीतून आली आणि त्यांनी आमची बोट खडकापासून लोटून धरली. अर्धा तास आजोबांच्या एकट्या नांगराने दोन्ही बोटी सांभाळल्या.

सकाळी मी शिरा केला. तो घेऊन जावई स्वतः शेजारी गेले. "काल तुमचं ऐकलं नाही, चुकलंच माझं," ते म्हणाले. आजोबा म्हणाले, "प्रत्येकाचा नांगर एकदा तरी घसरतोच. माझाही घसरला होता."

मग मलाही राहवले नाही. "साखळी कमी सुटली हे मला ठाऊक होतं," मी म्हटले.

"मग बोलला का नाहीत, आई?"

"तुम्ही जावई ना!"

ते क्षणभर गप्प झाले. "आई, बोटीवर मी जावई नाही. आणि घरीही तुम्ही असं गप्प राहू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही होमरच्या महाकाव्यातल्या इथाका बेटावर पोहोचलो. नांगर खाली जाऊ लागला तशी मी मोठ्याने खुणा मोजू लागले.

"आई, किती झाल्या?" जावयांनी सुकाणूवरून विचारले.

"सहाच! अजून सोडा!" मी ओरडले. शेजारच्या बोटीवरून आजोबांनी हात हलवला.