हिवाळ्याचे वाचन

मराठी कवितेत पावसाला जेवढी जागा मिळाली तेवढी हिवाळ्याला मिळालेली नाही. पावसावर वर्गात दोन तास सहज बोलता येते. विद्यार्थ्यांनाही चार कविता तोंडपाठ असतात. हिवाळ्याचे नाव काढले की वर्ग थबकतो. धुके, शेकोटी, हुरडा हे शब्द येतात, पण कविता चटकन आठवत नाही. याचे एक कारण उघड आहे. आपल्याकडचे शेतीचे वर्ष पावसावर उभे. त्यामुळे आस आणि धास्ती या दोन्ही भावना पावसाभोवती गोळा झाल्या. हिवाळ्यात ऊन सोसवते, रस्ते कोरडे असतात, घरात थोडे धान्य आलेले असते. ज्या ऋतूविषयी तक्रार नाही त्यावर लिहायचे काय, असे कवींना वाटले असावे.

वाचकाची गोष्ट मात्र वेगळी. आम्हां दोघांच्या अनुभवात वाचनाला हिवाळ्यासारखा ऋतू नाही. आम्ही दोघेही सातारा जिल्ह्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो. त्यामुळे घरातली भांडणेसुद्धा पुष्कळदा पुस्तकांवरून होतात. गेली काही वर्षे आम्ही एक नियम पाळत आलो आहोत. मार्गशीर्षापासून माघापर्यंत रोज रात्री एक तास असे पुस्तक वाचायचे, जे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही आणि ज्यावर कोणत्याही चर्चासत्रात निबंध वाचायचा नाही. हातात पेन्सिल घ्यायची नाही. आणि रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा एखाद्या जवळच्या ठिकाणी जायचे.

साहित्याच्या अध्यापकाने आनंदासाठी वाचायला नियम करावा लागावा, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण या व्यवसायाचा धोकाच तसा आहे. शिकवण्यासाठी वाचताना मन पुढे धावत असते: यातला कोणता उतारा विचारता येईल, कोणते वैशिष्ट्य मुद्दा म्हणून सांगता येईल. ‘रसग्रहण’ हा किती सुंदर शब्द आहे! परीक्षेत तो एका प्रश्नप्रकाराचे नाव होऊन बसला आहे. आशयसौंदर्य, भावसौंदर्य, भाषासौंदर्य असे कप्पे ठरलेले; रस कोणत्या कप्प्यात घातला म्हणजे गुण मिळतात हे विद्यार्थी बरोबर ओळखतात. सत्रपद्धती आल्यापासून दिवाळीच्या आगेमागे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात आणि त्यांतून डोके वर काढावे तो दुसरे सत्र सुरू झालेले असते. अशा वेळी ‘ही कविता परीक्षेला आहे का?’ या प्रश्नावर विद्यार्थ्यांना बोल लावण्यात अर्थ नसतो. तो प्रश्न व्यवस्थेनेच त्यांच्या तोंडी घातलेला आहे. आपल्या हाती एवढेच उरते, की आपल्या स्वतःच्या वाचनात तरी तो प्रश्न शिरू द्यायचा नाही.

आमच्या या तीन महिन्यांत दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ कायम उशाशी असते. १९५६ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी महिन्यांवरच्या ललित लेखांचे. विद्यार्थ्यांना दुर्गाबाई ठाऊक असतात त्या प्रामुख्याने १९७५ च्या संमेलनाच्या अध्यक्षा म्हणून; ते संमेलन आमच्याच जिल्ह्यात, कराडला, आणीबाणीच्या काळात भरले होते. तो निर्भयपणा सांगावा तेवढा थोडाच. पण पानाफुलांकडे इतक्या बारकाईने पाहणारी नजर आणि सत्तेसमोर न झुकणारा कणा एकाच व्यक्तीचे असावेत, यात आम्हांला काही संगती दिसते. समोरचे आहे तसे पाहण्याची सवय दोन्हीकडे लागते. हे पुस्तक आम्ही एका बैठकीत वाचत नाही. पौषाचा लेख पौषातच वाचायचा, माघाचा माघात. महिनाभर तीच ती पाने परतून वाचली की लेखातले झाड आणि आपल्या गल्लीतले झाड यांची गाठ पडते.

अशीच एक गाठ मर्ढेकरांच्या बाबतीत पडली. ‘शिशिरागम’ हा त्यांचा पहिला संग्रह १९३९ चा. मर्ढे हे त्यांचे मूळ गाव साताऱ्याहून पुण्याच्या दिशेने जाताना लागते, आणि लिंब गावातली बारामोटेची विहीरही त्याच बाजूला. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची ही अष्टकोनी विहीर. एका वेळी बारा मोटा चालत म्हणून हे नाव. तिच्या पोटात चक्क एक छोटा महाल आहे. हिवाळ्यात सकाळी पायऱ्या उतरू लागले की ऊन भिंतीवर आपल्यासोबत हळूहळू खाली येते. वर गारठा असताना खाली मात्र उबदार वाटते, कारण जमिनीच्या पोटातले तापमान वर्षभर फारसे बदलत नाही.

माघातल्या एका रविवारी तिथून परतताना रस्त्याकडेची काटेसावर दिसली. अंगावर एक पान नाही आणि निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले उमललेली. आपण बोलताना तीनच ऋतू मानतो: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. ‘ऋतुसंहारा’त कालिदासाने सहा मानले. मार्गशीर्ष-पौषातली खरी थंडी ही हेमंताची. शिशिर येतो माघ-फाल्गुनात, पानगळ घेऊन. वर्गात मात्र ‘शिशिर म्हणजे हिवाळा’ असा अर्थ झटकन सांगितला जातो आणि विद्यार्थी मनात बर्फाचे चित्र घेऊन घरी जातात. आपल्याकडच्या शिशिरात पानगळ आणि फुलोरा एकाच फांदीवर भेटतात. सावर, पांगारा, पळस ही सारी याच काळात पाने टाकून फुलणारी झाडे. मग मर्ढेकरांच्या शिशिराचे काय? ते तर १९३० च्या आसपास काही वर्षे इंग्लंडात राहून आले होते. त्यांच्या त्या एका शब्दात थेम्सकाठची पानगळ किती आणि कृष्णाकाठची किती? आमच्यात यावर एकमत नाही. एकाला त्यात परदेशी उदासी अधिक जाणवते. दुसऱ्याला वाटते की संस्कृत काव्यातून आलेला शब्द आपल्या मातीचा वास सहजासहजी सोडत नाही. वाद मिटलेला नाही, मिटावा अशी इच्छाही नाही. पण हा प्रश्न संदर्भग्रंथांतून उभा राहिला नव्हता. तो त्या काटेसावरीखाली सुचला.

पुस्तके आणि भटकंती एकत्र हवी असेल तेव्हा आम्ही भिलारला जातो. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. फरक एवढाच, की तिथे पुस्तकांची दुकाने आहेत आणि इथे लोकांची राहती घरे. सुरुवात २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तकांनी झाली. एका घरात कादंबरी, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात संतसाहित्य अशी विभागणी. ओसरीवर बसावे, कपाट उघडावे, वाचावे. पैसे द्यायचे नाहीत. बाहेर वाफ्यांतल्या काळ्या मल्चिंगवर स्ट्रॉबेरी लालबुंद झालेली असते आणि आत स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो. ग्रंथालयातली शांतता इथे नाही. कोंबडा आरवतो, कुणी दळण घेऊन जाते. तरीही वाचन लागते, कारण पुस्तक इथे घरातल्या माणसासारखे वावरते.

हिवाळ्याची बाकीची सुखे सर्वांच्या परिचयाची आहेत. माणखटावकडच्या शाळूचा हुरडा, भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. कराडकडच्या गुऱ्हाळात चुलवाणावर काहील रटरटत असते. भेंडीचे पाणी घातले की मळी वर येते, आणि पाक झाला की नाही हे गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून बोटांनीच ठरवतो. गरम काकवी खाताना तिथून पाय निघत नाही.

पण त्याच रस्त्यावर उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या असतात. दूरच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेले ऊसतोड कामगार पहाटेच्या कडाक्यात फडात उतरलेले असतात आणि कोपीपाशी नऊदहा वर्षांची एखादी मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसलेली असते. तिची शाळा गावाकडे चालू आहे. ज्या ऋतूविषयी आम्ही तक्रार नाही म्हणतो, तोच ऋतू या माणसांकडून सर्वांत जास्त मागतो. रात्रीचा एक मोकळा तास, उजेड, पांघरूण आणि पुस्तक ही मिळकत आहे, आणि ती सर्वांना मिळालेली नाही, हे साहित्य शिकवणाऱ्याने विसरू नये. आनंदाचे वाचन हा पोट भरलेल्यांचा शौक आहे, असे आमचा एक सहकारी नेहमी म्हणतो. आम्हांला त्यातून उलटा निष्कर्ष निघतो. आमच्या वर्गातले अनेक विद्यार्थी अशा घरांतून येतात जिथे पाठ्यपुस्तकापलीकडचे पुस्तक नाही. त्यांना काही न मागणारे पुस्तक भेटले तर वर्गातच भेटेल. तिथेही ते गुणांच्या हिशेबानेच पुढे आले, तर मग शौक खरोखरच मोजक्यांचा उरेल.

म्हणून दुसऱ्या सत्रात शनिवारच्या तासाची शेवटची पंधरा मिनिटे आम्ही फक्त मोठ्याने वाचतो. प्रश्न नाहीत, टिपणे नाहीत, खिडकीजवळच्या उन्हात बाके सरकवायला परवानगी आहे. पहिल्या शनिवारी काही वह्या सवयीने उघडतात. तिसऱ्याचौथ्या शनिवारी त्या मिटलेल्या असतात. मध्येच घंटा होते आणि पान अर्धे राहते. तेव्हा कुणीतरी पुढे येऊन पुस्तक दोन दिवसांसाठी मागते. आम्ही ते देतो, आणि सोमवारी पुस्तक परत आले नाही तरी विचारत नाही.